ता.क.मध्ये दडलेला विषय

ताई, नमस्कार.
मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अमेरिकेतल्या सात कॉलेजांना अर्ज करते आहे. त्यातल्या दोन ठिकाणची शेवटची तारीख 1 नोव्हेंबर. बाकी सगळं भरून झालंय, कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची ती ऑनलाइन सोय) मोठा निबंध तेवढा अडलाय, कारण विषयच ठरत नाही. तीन विषय काढलेत. गेल्या वर्षी आजोबा गेले, तो एक. गुडघ्याच्या दुखापतीने माझं बॅडमिंटन आठ महिने बंद होतं आणि मग मी परत खेळायला लागले, हा दुसरा. उन्हाळी शिबिरात लहान मुलांना गणित शिकवलं, हा तिसरा. समुपदेशक सर म्हणतात, दुखापतीवर लिही, जिद्द दिसते. बाबा म्हणतात शिबिरावर लिही, समाजसेवा दिसते. आई म्हणते आजोबांवर लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. मी तिन्ही सुरू केले आणि तिन्ही अर्धे सोडले. वाचताना वाटतं, हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही का?
विषय न सापडलेली

ता.क. पत्र पाठवायला दोन दिवस उशीर झाला. आजीच्या फोनमध्ये अपडेट आलं आणि सगळं इकडचं तिकडे झालं. फोन कसा वापरायचा याचा एक कागद मी तिला करून दिलाय, तो पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागला. ही सातवी वेळ. आजोबा होते तोवर फोनचं सगळं तेच बघायचे. पहिला कागद मी केला तो तिने मला सारखं विचारू नये म्हणून. असो.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी त्या तीन विषयांवरच लक्ष होतं. दुसऱ्या वेळी मात्र ता.क.वर थांबले आणि तिथेच थांबून राहिले. पत्राच्या वरच्या भागात तू कुणाच्या तरी अपेक्षेने लिहिते आहेस. सर, बाबा, आई, तिघंही त्यात आहेत, तू कुठे आहेस ते शोधावं लागतं. ता.क.मध्ये तू एकदम समोर येऊन उभी राहतेस. कागद, फोन, सातवी वेळ, ‘सारखं विचारू नये म्हणून’. आणि शेवटी ‘असो’ म्हणून तू तो दरवाजा स्वतःच लावून घेतलास.

म्हणून मी तुला उलट पत्र पाठवून त्या कागदाबद्दल विचारलं होतं, आणि तुझे अर्धे मसुदेही मागवले होते. तू जे कळवलंस ते तुझ्या परवानगीने इथे थोडं सांगते, कारण बाकीच्या मुलांनाही ते वाचायला हवं.

तुझ्या पहिल्या कागदावर होतं, ‘व्हॉट्सॲप उघड, नाव निवड, चिन्ह दाब.’ आजीने दाबलं. खरंच दाबलं, दाराची घंटा दाबावी तसं, बोट न उचलता. नाव उघडायच्या ऐवजी त्यावर खूण आली, वरची पट्टी बदलली आणि आजीने घाबरून फोन उलटा ठेवून दिला. तू चिडलीस. दुसऱ्या कागदावर तू ‘दाब’ याच शब्दाखाली दोन रेघा मारल्यास. तिसऱ्या कागदाच्या वेळी तू पहिल्यांदा तिच्या शेजारी बसून तिचं बोट बघितलंस आणि मग तो शब्दच काढून टाकलास. ‘बोट टेकव आणि लगेच उचल’ असं लिहिलंस. सेटिंग्जच्या चिन्हाला ती ‘दातेरी फूल’ म्हणते हे कळल्यावर कागदावरही दातेरी फूल आलं. आणि पाचव्या कागदावर, अगदी वरती, तू एक चौकट काढलीस: ‘चुकलं तरी फोन बिघडत नाही. खालचं गोल टेकव, परत घरी येशील.’ कारण तोवर तुझ्या लक्षात आलं होतं की आजी पायऱ्या विसरत नाही, ती घाबरते. घाबरली की आठवलेलंही विसरते.

अगं, हाच तुझा निबंध आहे.

तुला लगेच वाटेल की हे फार क्षुल्लक आहे. आजीला फोन शिकवणं यात काय मोठं, घरोघरी मुलं ते करतात. खरं आहे. पण ‘दाब’ हा शब्द खोडून ‘टेकव’ लिहिणारी मुलगी घरोघरी नसते. तुझ्या तीन विषयांत घटना मोठ्या आहेत आणि तू त्यांच्यामागे झाकली जातेस. या कागदात घटना इतकीशी आहे, आणि तुझं डोकं कसं चालतं ते मात्र ओळीओळीत दिसतं. तू आधी आजीला दोष दिलास, मग कागदाला दिलास, मग दोष देणं सोडून नुसती बघत बसलीस. वाचणाऱ्याला हे तुझ्याबद्दल दुसरीकडे कुठे कळणार आहे?

बाकी अर्ज आठवून बघ. गुण गुणपत्रिकेत आहेत. खेळ, शिबिर, पदकं यांना कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रमांची वेगळी जागा आहे, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं. शिक्षक त्यांच्या पत्रात तुझ्या मेहनतीबद्दल लिहितीलच. म्हणजे तू काय काय केलंस ते तीन ठिकाणी आधीच सांगून झालंय. या सगळ्यात तुझा स्वतःचा आवाज सलग ऐकू येतो तो या 650 शब्दांत. (कमीत कमी 250, जास्तीत जास्त 650. वरची मर्यादा गाठलीच पाहिजे असं नाही, पण त्यापलीकडे एक शब्दही जात नाही.) तिथे पुन्हा बॅडमिंटनच्या पदकांची यादी आली, तर ती जागा वाया जाते.

‘निबंध’ हा शब्द आपला घात करतो असं मला नेहमी वाटतं. शाळेतला निबंध म्हटला की आपला हात आपोआप एका वळणाने जातो. वर सुभाषित, मग प्रस्तावना, तीन मुद्दे आणि शेवटी ‘म्हणूनच प्रत्येकाने…’. विषयही तसाच भारदस्त हवा असं वाटतं. जिद्द, सेवा, त्याग. हा अर्जातला निबंध त्या जातीचा नाही. ते आपल्याबद्दल अनोळखी माणसाला लिहिलेलं पत्र आहे असं समज. तू मला लिहिलंस तसंच, फक्त ता.क.पासून सुरू केलेलं.

आता त्या तीन विषयांबद्दल. ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. विषय असा वाईट नसतोच, काही विषयांत स्वतःला हरवून बसणं जास्त सोपं असतं, एवढंच.

दुखापतीच्या निबंधाची वाट आधीच आखलेली असते. पडले, रडले, व्यायाम केला, परतले. दुसरं वाक्य वाचतानाच शेवट कळतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला असाच मसुदा दाखवला होता. त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. पाच परिच्छेद जिद्दीचे होते, आणि सहाव्यात सहज एक वाक्य होतं की बाकावर बसून कंटाळा यायचा म्हणून तो प्रत्येक खेळाडू चेंडू हातात आल्यावर आधी कुठे बघतो ते वहीत टिपायचा. मी त्याला ती वही आणायला सांगितली. बाण, गोल, स्वतःच बनवलेल्या खुणा, तीन महिन्यांच्या. त्याने पाच परिच्छेद काढून टाकले आणि वहीवर लिहिलं. दुखापत निबंधात राहिली, पण एका ओळीपुरती. तुझ्या आठ महिन्यांत अशी काही वही असेल तर मला खुशाल खोटं ठरव.

शिबिराचा विषय मला तिन्हींत सगळ्यात कच्चा वाटतो, आणि बाबांना वाईट वाटलं तरी मी हे स्पष्ट लिहिते. तू तिथे आठ दिवस होतीस. आठ दिवसांतून मोठा धडा काढायला गेलं की ती मुलं मागचा पडदा होतात. त्यांची नावं, त्यांचे हट्ट, त्यांची चुकलेली गणितं, काहीच उरत नाही. उरतो फक्त ‘मी त्यांना शिकवायला गेले आणि त्यांनीच मला शिकवलं’ हा सूर. तुझ्या अर्ध्या मसुद्यात हेच वाक्य आहे, जवळजवळ याच शब्दांत. समाजसेवा दाखवायची तर ती उपक्रमांच्या यादीत दिसतेच.

आजोबांबद्दल मात्र मला जपून बोलायचंय. मृत्यूवर लिहू नये असा नियम नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. पण मी तुझा तो मसुदा वाचला. त्यात आजोबा फार छान उतरलेत. त्यांचा स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांचं हसणं. तो वाचून मला वाटलं की या माणसाला प्रवेश द्यायला हवा. तू त्यात दाराशी उभी आहेस. शिवाय एक वर्ष हा काळ थोडा आहे. ज्या गोष्टीकडे अजून धड बघवत नाही, ती एका मुदतीच्या आत, शब्दमर्यादेत बसवून परक्यांपुढे ठेवायची सक्ती स्वतःवर करू नकोस. कुणाच्या डोळ्यांत पाणी आणणं हे तुझं काम नाही. घरातल्या दुःखामुळे तुझ्या अभ्यासावर परिणाम झाला असेल आणि तो गुणपत्रिकेत दिसत असेल, तर ते साध्या शब्दांत सांगायला अर्जात वेगळी ऐच्छिक जागा आहे. तिथे चार ओळी पुरतात.

आणि तू ता.क.मध्ये काय लिहिलंयस ते पुन्हा बघ. ‘आजोबा होते तोवर फोनचं सगळं तेच बघायचे.’ तो कागद मुळात का लागला, ते या ओळीत आहे. त्या कागदाबद्दल लिहायला बसलीस तर आजोबा स्वतःहून येतील, बोलवावं लागणार नाही. त्यांना एक ओळ दे. दोन देऊ नकोस.

तुला अजून एक काळजी असेल, की हा विषय कुठल्या प्रश्नाखाली बसवायचा. ते शेवटी बघ. कॉमन ॲपमध्ये सात प्रश्न असतात आणि एकच निवडायचा असतो. त्यात अपयशातून काय शिकलात हा आहे, कुणी केलेल्या एखाद्या गोष्टीने अनपेक्षितपणे कृतज्ञ वाटलं का हा आहे, कशात रमलात की वेळेचं भान राहत नाही हाही आहे. सातवा तर सरळ म्हणतो, आवडेल त्यावर लिहा. अमुक प्रश्न निवडला म्हणून कुणी जास्त गुण देत नाही. प्रश्न समोर ठेवून विषय शोधला की परीक्षेची उत्तरपत्रिका होते. आधी लिही, मग कुठलं लेबल लागतं ते ठरव.

विषय डोक्यात ठरत नाही, हातात ठरतो. म्हणून माझं ऐकून लगेच आजीचा कागद पक्का करू नकोस. एका बैठकीत वीस मिनिटं आजीच्या कागदाबद्दल लिही, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बॅडमिंटनवर. छान लिहायचं नाही, फक्त या विषयातल्या ज्या गोष्टी जगात तुलाच माहीत आहेत त्या एकाखाली एक उतरव. दातेरी फूल, उलटा ठेवलेला फोन, खालचं गोल. असं पंधराच्या पुढे गेलीस तर विषयात दम आहे. चार-पाचावर पेन थांबलं आणि ‘मेहनत’, ‘आत्मविश्वास’ असे शब्द यायला लागले, तर तिथे काही नाही, मग तो विषय सरांना कितीही आवडो.

ही यादी मराठीतच कर. आजी तुझ्याशी मराठीत बोलते, तुझी चिडचिडही मराठीतच झाली असणार. निबंध इंग्रजीत जाईल, पण कच्चा माल इंग्रजीत गोळा केलास तर आधीच इस्त्री होऊन येतो. ‘दातेरी फूल’ इंग्रजीत कसं सांगायचं ते नंतर बघू, त्याचं ‘सेटिंग्ज’ मात्र होऊ देऊ नकोस.

मसुदा झाला की तो तुला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला दे. ‘आवडला का’ असं विचारू नकोस. विचार, ‘हे वाचून ही मुलगी सुट्टीच्या दुपारी काय करत असेल असं वाटतं?’ त्याने काहीतरी ठोस सांगितलं, अगदी चुकीचं का असेना, तर निबंधात माणूस उतरलंय. ‘अभ्यास करत असेल, कष्टाळू दिसते’ असं उत्तर आलं तर पुन्हा बसावं लागेल.

लिहिताना एका ठिकाणी तुझा हात अडखळेल, ते मी आधीच सांगून ठेवते. ‘पहिला कागद मी केला तो तिने मला सारखं विचारू नये म्हणून.’ हे वाक्य तुला गाळावंसं वाटेल. आईलाही तसंच वाटेल, चांगलं दिसत नाही म्हणेल. ते गाळलंस तर सातही कागद एका गुणी नातीने प्रेमाने केलेले होतात, आणि तुझ्यात काही बदललं हे दिसायची वाटच बंद होते. ते वाक्य ठेव, वरच्या बाजूला ठेव. आणि आजीला गमतीचा विषय करू नकोस. ‘दाब’ म्हटल्यावर ती दाबते यात तिचं काहीही चुकलेलं नाही, शब्द तुझा चुकला होता. हे तुला तिसऱ्या कागदाच्या वेळी कळलं, वाचणाऱ्यालाही तिथेच कळू दे. शेवटी ‘यातून मी संयम शिकले’ असं लिहायचा मोह होईल. पाचव्या कागदावरची चौकट जशीच्या तशी उतरव, ती पुरे.

समुपदेशक सर नाराज होतील अशी भीती तुझ्या दुसऱ्या पत्रात होती. त्यांना यादी दाखव, मसुदा दाखव, वाद घालू नकोस. सही तुझी आहे. त्यांनी किंवा आणखी कुणी परिच्छेदच्या परिच्छेद लिहून दिले तर घेऊ नकोस, एआयकडून लिहून घेणं तर नकोच. अर्ज पाठवताना हे सगळं माझंच आहे असं तू लिहून देतेस, आणि एआयने लिहिलेलं आपलं म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. ते सोडलं तरी, आजीने फोन उलटा ठेवला हे त्या यंत्राला कुठून माहीत असणार?

इतर वाचकांसाठी एवढंच, की सगळीकडे हा एकच निबंध चालत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो. तिथे आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची, आणि ती जास्त सरळ, मुद्द्याला धरून लिहावीत. एमआयटीचाही स्वतःचा अर्ज आहे. ब्रिटनसाठी युकॅसमधून, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून, अर्ज करणार असाल तर गोष्टच निराळी. 2026च्या प्रवेशांपासून तिथे तीन प्रश्न आणि मिळून 4000 अक्षरं अशी रचना आहे, आणि त्यांना तुम्ही निवडलेल्या विषयाचा अभ्यास, वाचन, तयारी हवी असते. आजीचा कागद तिथे फार तर एका ओळीत बसेल.

तुझ्या सात कॉलेजांपैकी काहींनी ‘आमच्याकडेच का’ असा वेगळा छोटा निबंध मागितला असेल. तो या आठवड्यात हातात घेऊ नकोस, मोठा निबंध लिहून झाला की तो सोपा जातो.

तारीख जवळ आहे, पण आज लगेच लिहायला बसू नकोस. आधी आजीकडे जा आणि तिला सांग की मला तुझ्याबद्दल लिहायचंय, चालेल का. ती हो म्हणाली तर जुने कागद तिच्याकडे आहेत का ते विचार. अशी माणसं काही टाकत नाहीत, कुठल्यातरी पिशवीत किंवा वहीत घडी करून ठेवलेले असतील. सातही मिळाले तर जमिनीवर ओळीने मांड. पहिल्यावर ‘दाब’खाली रेघ नसेल, दुसऱ्यावर दोन असतील. तिथून सुरुवात कर.

तुझी,
ताई